रेसकोर्सच्या जागी समुद्र होता, तेव्हा…

मुंबईत हाजीअलीसमोरच्या रस्त्यावरून कधी गेला आहात का? एका हाताला समुद्र आणि दुसऱ्या हाताला थोडं आत महालक्ष्मीचं रेसकोर्स. अडीचशे वर्षांपूर्वी तिथे ना रस्ता होता, ना रेसकोर्स. मुंबई आणि वरळी ही वेगवेगळी बेटं होती. भरती आली की दोघांमधल्या खिंडीतून पाणी आत घुसायचं आणि पार भायखळ्याकडची सखल जमीन बुडवायचं! 1780च्या दशकात ‘हॉर्नबी वेलार्ड’ नावाचा बांध घालून ती खिंड बंद केली.

तो बांध नसता, तर ते पाणी आज कोणाच्या दारात आलं असतं? हे शोधायला नकाशांचं एक गंमतशीर सॉफ्टवेअर आहे, क्यूजीआयएस. अलास्कातल्या गॅरी शर्मन यांनी 2002 मध्ये ते लिहायला घेतलं. ते फुकट मिळतंच, शिवाय मुक्तस्रोत आहे. म्हणजे त्याचा कोड कोणीही वाचू शकतं, सुधारू शकतं. जगभरातली माणसं तेच करत आली आहेत.

आता समजा, बांधाच्या आधीच्या मुंबईच्या जुन्या नकाशाचं स्कॅन तुमच्याकडे आहे. संगणकाला ते नुसतं चित्र वाटतं. ही पृथ्वीवरची कुठली जागा आहे, ते त्याला आपण सांगायचं. कसं? तेव्हाही होती आणि आजही जागेवर आहे, अशी खूण शोधायची. मुंबईच्या फोर्ट भागातलं सेंट थॉमस चर्च 1718 पासून तिथेच आहे. जुन्या नकाशात त्यावर क्लिक करायचं, मग आजच्या नकाशात त्याच चर्चवर. झालं! त्या ठिपक्याला 18.93 अंश उत्तर, 72.83 अंश पूर्व असा पत्ता मिळाला. मग वरळीचा किल्ला, माहीमचा किल्ला, शिवचा किल्ला. निदान तीन खुणा तरी लागतातच, पण जास्त घेतलेल्या बऱ्या. आणि त्या चहूकडे पसरलेल्या हव्यात. सगळ्या फोर्टातच घेतल्या, तर माहीम भलतीकडेच सरकेल.

आता सॉफ्टवेअर जुना नकाशा रबराच्या चादरीसारखा ताणून आजच्या नकाशावर बसवतं. कुठली खूण किती चुकली, तेही आकड्यांत दाखवतं. एखादा आकडा फारच मोठा दिसला, तर ती खूण पुन्हा तपासायची.

मग येते खरी मजा. वरचा जुना नकाशा हळूहळू पारदर्शक करत जायचा. रेसकोर्सवर खाडीचं पाणी चढतं, रस्ते लाटांमधून धावू लागतात!

शेवटी जुना किनारा माउसने गिरवायचा आणि त्याला वर्षाची नोंद जोडायची. इथे मात्र घाई नको. ओहोटीला इथल्या काही बेटांमधला चिखल उघडा पडायचा, माणसं चालत पलीकडे जायची. मग नकाशावाल्याने किनारा भरतीचा काढला की ओहोटीचा? ते कळत नसेल, तर रेघ तुटक काढा. मला तरी ठाम पण चुकीच्या रेघेपेक्षा ही तुटक रेघ जास्त आवडते.

तुमच्या गावाचाही जुना नकाशा मिळवा. एखादं देऊळ, वेस, जुनी विहीर, नदीवरचा घाट अशा चार दिशांच्या चार खुणा शोधा आणि ताईदादाला सोबत घेऊन करून बघा.