वड्याचं तेल वांग्यावर

साहेबाने झापलं की माणूस घरी येऊन पोरांवर डाफरतो, हे आपल्याला ठाऊक असतं. पण साहेबाने आवाजही न चढवता हेच घडलं तर?

१९३३ साली हिटलर सत्तेवर आल्यावर कुर्ट लेविन हा ज्यू मानसशास्त्रज्ञ जर्मनी सोडून अमेरिकेत गेला. पुढे आयोवा विद्यापीठात त्याने आणि त्याचा विद्यार्थी रोनाल्ड लिपिट याने १० वर्षांच्या मुलांचे दोन क्लब काढले. प्रत्येकात पाच मुलं, काम मुखवटे बनवायचं. गंमत म्हणजे दोन्हींचा म्होरक्या एकच होता, खुद्द लिपिट. एका क्लबात तो मुलांशी चर्चा करून काम ठरवायचा. दुसऱ्यात मात्र सगळे हुकूम त्याचे: आत्ता काय करायचं तेवढंच सांगायचं, पुढचं गुलदस्त्यात, कोणी कोणाबरोबर बसायचं तेही तोच ठरवणार. तो रागावत नसे. जरा अलिप्त राही, इतकंच.

हुकूमवाल्या क्लबात मुलांमधली भांडणं, चिडचिड दुसऱ्या क्लबाच्या ३० पट निघाली! आणि त्यातलं काहीच म्होरक्याच्या वाट्याला आलं नाही. सगळ्यांनी मिळून एका मुलाला धारेवर धरलं. तो क्लब सोडून गेला, तर दुसरा गाठला. तोही गेला.

पुढच्या प्रयोगात असे क्लब वाढवले, तर हुकमाखालची बहुतेक मुलं भांडली नाहीत, थंड पडली. गप्प बसून काम करायची. पाहुण्याला वाटावं, काय शिस्त आहे! म्होरक्या खोलीबाहेर गेला की मात्र काम थांबायचं आणि दबलेला दंगा उसळायचा. चर्चेने चालणाऱ्या क्लबात तो गेला काय, राहिला काय, काम चालूच. २० पैकी १९ मुलांना हुकूमवाल्यापेक्षा चर्चेवाला म्होरक्या आवडला. उरलेला एक लष्करी अधिकाऱ्याचा मुलगा निघाला, हे मला फार आवडतं.

मुलांचं सोडा, मोठ्यांचं काय? इस्रायलमध्ये नवजात बालकांच्या अतिदक्षता विभागातल्या डॉक्टर-परिचारिकांच्या २४ टीमवर झालेला एक प्रयोग २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रत्येक टीमपुढे एका अत्यवस्थ बाळावर उपचार करण्याचा सराव होता. काही टीमना आधी एका परदेशी तज्ज्ञाने त्यांच्या देशातल्या वैद्यकीय दर्जाबद्दल तिरकस ऐकवलं. त्यांच्या कामाविषयी तो अवाक्षर बोलला नव्हता. तरी त्या टीमचं निदानही घसरलं आणि हातचं कामही. कारण पाहिलं तर माणसं एकमेकांना माहिती सांगेनाशी झाली होती, मदत मागायला कचरत होती. वर्षानुवर्षं मुरलेलं कौशल्य दोन वाक्यांत लुळं पडावं!

आणि त्या तज्ज्ञाच्या हातात त्यांची ना बढती होती, ना रजा, ना पगारवाढ.