चिन्ह दिसलं की लगेच मालक शोधू नका

मुद्रकांच्या बोधचिन्हांचा इतिहास वाचला की एक सवय लागते. चिन्ह दिसलं की ते कोणाचं, हे शोधायचं. तिथे ते बरोबरच आहे. व्हेनिसच्या आल्डुस मानुटियुसने १५०२च्या सुमारास नांगराला विळखा घातलेला डॉल्फिन वापरायला सुरुवात केली. नांगर म्हणजे स्थैर्य, डॉल्फिन म्हणजे वेग. दोन्ही मिळून 'सावकाश घाई करा'. चित्र मुळात रोमन नाण्यावरचं. पण पुस्तकावर आल्यावर ते छापखान्याची ओळख झालं, म्हणूनच इतरांनी त्याची नक्कलही केली.

आता हीच सवय घेऊन जुन्नरच्या लेण्यांत गेलात तर फसाल. इथल्या काही ब्राह्मी लेखांच्या सुरुवातीला किंवा शेवटी स्वस्तिक आणि नंदीपद कोरलेलं दिसतं. ही दात्याची मुद्रा समजायची का?

एक साधी कसोटी लावा: माणूस बदलला की चिन्ह बदलतं का? जुन्नरचे दाते नाना तऱ्हेचे आहेत. लेण्याद्रीचं चैत्यगृह देणारा सुलसदत्त कल्याणचा. शिवनेरीत भोजनमंडप देणारा चिट यवन. दाते असे वेगवेगळे, तरी लेखांवर फिरून येणारी चिन्हं तीच. म्हणजे ती कुणा एकाची ओळख नव्हे. तो मंगलचिन्हांचा सामायिक साठा आहे. मंचर-घोडेगावचा दुकानदार नव्या वहीच्या पहिल्या पानावर स्वस्तिक काढतो, त्यावरून वही कोणाची हे कळतं का? तसंच हे. दाता कोण, ते अक्षरं सांगतात.

दुसरी गोष्ट नावाची. 'नंदीपद' म्हटलं की बैलाच्या खुराची खूण डोळ्यांसमोर येते. त्याच आकाराला 'त्रिरत्न' म्हटलं की बुद्ध, धम्म, संघ. नाव देताना आपण अर्धा निष्कर्ष काढून मोकळे होतो! म्हणून टिपणात आधी आकाराचं वर्णन करा, नाव नंतर.

आणि तिसरी: छापील वाचनावर थांबू नका. लेखाचं लिप्यंतर करताना अक्षरं येतात, चिन्हं सहज गळतात. ठसा किंवा फोटो बघा, जमलं तर प्रत्यक्ष लेणं बघा. चिन्ह ओळीच्या आधी आहे की नंतर, एकटं आहे की जोडीने, हे वहीत उतरवा. या नोंदी नसतील, तर अर्थाबद्दलची तुमची सगळी चर्चा हवेत राहील.