घराण्यातला हृदयविकार आणि सायकल

“आमच्या घराण्यातच हार्टचे आहे, त्याला कोण काय करणार?” हे वाक्य घरोघरी ऐकू येते. आमचे वडील एक्कावन्नाव्या वर्षी गेले, तेव्हापासून ते आमच्याही घरात रूढ आहे. आम्ही बँकेतील कारकून, शिक्षणाने कला शाखेचे. परंतु चाळिशी उलटल्यावर या प्रश्नाकडे पाठ फिरवता येत नाही. जे वाचले व डॉक्टरांना विचारून घेतले, ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

वडील वा भाऊ ५५ वर्षांच्या आत, किंवा आई वा बहीण ६५ वर्षांच्या आत या विकाराने आजारी पडली असेल, तर डॉक्टर त्याची आनुवंशिक धोका म्हणून दखल घेतात. त्यातून आपण दक्षिण आशियातले. ५२ देशांच्या अभ्यासात आपल्याकडील लोकांना पहिला झटका इतरांपेक्षा पाच-सहा वर्षे आधी, त्रेपन्नाच्या सुमारास येतो असे आढळले. मात्र २०१६ साली प्रसिद्ध झालेली, ५५ हजारांवर लोकांची पाहणी धीर देणारी आहे. धूम्रपान नाही, लठ्ठपणा नाही, नियमित व्यायाम व योग्य आहार, यांपैकी किमान तीन गोष्टी पाळणाऱ्यांना, जनुकांतला धोका सर्वाधिक असूनही, त्या न पाळणाऱ्या तशाच लोकांपेक्षा हृदयविकार ४६ टक्के कमी झाला.

मग सायकलच का? कारण ती कामावर जाता-येताच होते, व्यायामासाठी वेगळा वेळ काढावा लागत नाही. लंडनच्या दुमजली बसचा बसून राहणारा ड्रायव्हर आणि दिवसभर जिने चढणारा कंडक्टर यांत कंडक्टरला हृदयविकार कमी होतो, हे डॉ. मॉरिस यांनी १९५३ सालीच दाखवले होते. (काउंटरवर बसणारे आम्ही कोणत्या गटात, हे सांगायला नको.) २०१७ साली ब्रिटनमधील अडीच लाखांहून अधिक लोकांच्या पाहणीत सायकलने कामावर जाणाऱ्यांत हृदय व रक्तवाहिन्यांचे विकार ४६ टक्के कमी दिसले. सायकलवाले मुळातच धडधाकट असतील, ही शंका रास्त आहे. वय, धूम्रपान, आहार यांचा हिशेब करूनही ती पुरती फिटत नाही. पण नियमित श्रमाने रक्तदाब उतरतो, साखर आटोक्यात राहते, विश्रांतीतली नाडी संथ होते, याबद्दल वाद नाही.

तथापि सायकल म्हणजे कवच नव्हे. धावण्याचा जगभर प्रचार करणारे अमेरिकन लेखक जिम फिक्स १९८४ साली, ५२ व्या वर्षी, धावतानाच गेले. त्यांचे वडील ४३ व्या वर्षी हृदयविकारानेच वारले होते. काही घराण्यांत कोलेस्टेरॉल जन्मापासूनच वाढलेले असते; तिथे कितीही पायडल मारले तरी गोळ्या टळत नाहीत. काहींच्या हृदयाचा स्नायूच जाड असतो. त्यांनी डॉक्टरांच्या परवानगीवाचून जोराचा व्यायाम करू नये. म्हणून आधी रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल व ईसीजी तपासून घ्यावे.

आठवड्याला दीडशे मिनिटे पुरेत. बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही, इतका वेग ठेवावा. छातीत दाब, हाताकडे वा जबड्याकडे कळ, दरदरून घाम, यांपैकी काही जाणवले तर ‘गॅस झाला असेल’ म्हणत घरापर्यंत दामटू नये. सायकल तिथेच टेकवून १०८ ला फोन करावा.