टेलची खोली

डिसेंबरात आई-बाबा साताऱ्याहून आमच्याकडे इंग्लंडला आले. मागची खोली त्यांना दिली. तिसऱ्या दिवशी सकाळी आई स्वेटरवर शाल गुंडाळून स्वयंपाकघरात आली आणि म्हणाली, "पुढे बसलं की घाम फुटतो, आणि आमच्या खोलीत बोटं आखडतात. असं कसं रे?" मला फार लाज वाटली. बॉयलर ठणठणीत होता, रेडिएटरही खोलीच्या मानाने मोठाच होता, पण तो कोमटच्या वर जात नव्हता.

ब्रिटनमधल्या बहुतेक घरांत एकच गॅस बॉयलर पाणी तापवतो. पंप ते पाणी खोल्याखोल्यांतल्या रेडिएटरमध्ये फिरवतो आणि निवलेलं पाणी परत बॉयलरकडे येतं. जाणारी एक नळी, परतणारी एक, आणि प्रत्येक रेडिएटर म्हणजे या दोघींमधली एक स्वतंत्र आडवाट. पाणी सोपी वाट धरतं. पंपाजवळच्या रेडिएटरमधूनच मागे वळता येत असेल, तर ते शेवटच्या खोलीपर्यंत कशाला जाईल? बाबांनी पाटाच्या पाण्यावर शेती केलेली. "म्हणजे आम्ही टेलचे," ते लगेच म्हणाले. वरच्यांनी दारं सताड उघडी ठेवली की चारीच्या शेवटी, टेलला, रानही भिजत नाही, हे त्यांनी आयुष्यभर पाहिलंय.

अशा वेळी बॉयलरचं तापमान वाढवण्याचा मोह होतो. मीही दोन हिवाळे तेच केलं. पण आमचा थर्मोस्टॅट दाराशी, पॅसेजमध्ये आहे आणि तिथला रेडिएटर सगळ्यांत आधी तापतो. पॅसेज उबदार झाला की थर्मोस्टॅट बॉयलर बंद करतो. मागच्या खोलीची पाळी यायच्या आतच आवर्तन संपतं. शिवाय जवळच्या रेडिएटरमधून धावत परतलेलं पाणी गरमच राहतं. हल्लीचे कंडेन्सिंग बॉयलर धुरातल्या वाफेचं पाणी करून तिची उष्णताही वापरतात, पण त्यासाठी परतीचं पाणी साधारण ५५ अंश सेल्सिअसच्या खाली असावं लागतं. म्हणजे खोली गार ती गारच, आणि वर गॅस वाया.

उपाय रेडिएटरच्या दुसऱ्या टोकाला असतो. एका बाजूला आकडे असलेला, रोज फिरवायचा व्हॉल्व्ह. दुसऱ्या बाजूला प्लॅस्टिकच्या टोपीखाली झाकलेला लॉकशील्ड व्हॉल्व्ह. रेडिएटरमधून किती पाणी जाईल हे ठरवणारं दार हेच, पण त्याच्याकडे वर्षानुवर्षं कुणी बघत नाही.

आधी रेडिएटरमधली हवा काढून घ्यावी. वरचा भाग गार असेल तर हवा अडकलेली असते. खालचा मधला भाग गार असेल तर बहुधा काळा गाळ साचलेला असतो, आणि त्यावर व्हॉल्व्ह फिरवून उपयोग नाही, तो धुऊनच काढावा लागतो. नंतर सगळे व्हॉल्व्ह पूर्ण उघडायचे, घर गार होऊ द्यायचं, बॉयलर लावायचा आणि कोणता रेडिएटर कोणत्या क्रमाने तापतो ते लिहून काढायचं. सगळ्यांत आधी तापणाऱ्यापासून सुरुवात. त्याचा लॉकशील्ड छोट्या पान्याने पूर्ण बंद करून पाव फेरा उघडायचा आणि आत येणाऱ्या व बाहेर जाणाऱ्या नळीच्या तापमानातला फरक बघायचा. पूर्वी हा फरक ११-१२ अंश धरत. कंडेन्सिंग बॉयलरला २० अंशही चालतात, उलट बरेच. आमच्यापुरतं मी आकड्यावर अडून बसलो नाही, सगळ्या रेडिएटरांचा फरक जवळपास सारखा यावा एवढंच पाहिलं. फरक कमी आला तर पाणी घाईत जातंय, व्हॉल्व्ह आणखी आवळायचा. जास्त आला तर किंचित सोडायचा.

यात घाई चालत नाही. एकाचं दार आवळलं की बाकीच्यांचं पाणी वाढतं, त्यामुळे प्रत्येक बदलानंतर वीसेक मिनिटं थांबायचं. आमचा अख्खा शनिवार गेला. न्हाणीघरातल्या टॉवेल वाळवायच्या छोट्या रेडिएटरने सगळ्यांत जास्त छळलं. तो पंपाच्या अगदी जवळ, आणि सगळं पाणी ओढून घेत होता.

भिंत रंगवायला रेडिएटर काढला की लॉकशील्ड बंद करावाच लागतो आणि सगळी मेहनत पुसली जाते, म्हणून फेरे टिपून ठेवायला हवेत. ते काम बाबांनी केलं. बॉयलरच्या कपाटात आतून त्यांच्या अक्षरातला कागद अजून चिकटवलेला आहे: न्हाणीघर पाव, पॅसेज पाव, बैठक अर्धा, मुलांची खोली एक, टेल पूर्ण.