महाडात मांडलेला समुद्र

सावित्री महाबळेश्वरला उगम पावते, पोलादपूरवरून खाली उतरते, महाडला वळसा घालते आणि बाणकोटला समुद्राला मिळते. भरतीचं पाणी खाडीतून थेट दासगावच्या बाजूला चढतं. एके काळी याच वाटेनं गलबतं माल घेऊन यायची. समुद्र असा दाराशी येऊन जातो, पण रंगीत मासे आणि प्रवाळ काही सोबत आणत नाही. ते घरात हवे असतील तर काचेची टाकी, मीठ, पंप, दिवे आणि भरपूर सबुरी लागते. हॉबीवाले याला रीफ टँक म्हणतात. गोल्डफिशवाल्यांनी आधीच सावध व्हावं, हे प्रकरण वेगळं आहे.

सुरुवात मिठापासून. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात, म्हणजे 200 लिटरच्या टाकीला सात किलो. किराणा दुकानातलं आयोडीनचं मीठ चालत नाही, कारण प्रवाळाला सांगाडा बांधायला कॅल्शियम आणि मॅग्नेशियमही लागतं. त्यासाठी रीफ सॉल्ट वेगळं मिळतं. मग खाडीचं पाणी कॅन भरून आणलं तर? पावसाळ्यात त्यात अख्ख्या घाटाचा पाऊस आणि गाळ उतरलेला असतो. राहू द्या.

पाणी वाफ होऊन उडतं, मीठ मात्र मागेच राहतं. म्हणून टाकीची पातळी उतरली की वर घालायचं ते गोडं पाणी. नवा माणूस हमखास खारं ओततो आणि टाकी दिवसेंदिवस अधिक खारट होत जाते. नळाचं पाणीही थेट नको, त्यातलं क्लोरीन माशांना सोसत नाही. पाणी गाळून घ्यावं लागतं.

हे सगळं जमवलं तरी पहिले काही आठवडे टाकीत मासा नसतो! माशांच्या विष्ठेतून अमोनिया सुटतो आणि तो विषारी. त्याचं नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करणारे जिवाणू आधी दगडांवर, वाळूत वस्तीला यावे लागतात. घाईत मासे सोडणारे बहुतेक जण इथेच हरतात. घरी पाहुणे येऊन विचारतात, ‘मासे कुठायत?’ आणि तुम्ही त्यांना अभिमानानं दगड दाखवता.

मे महिना हे महाडकरांचं खास संकट. प्रवाळाला 25-26 अंशांचं पाणी मानवतं. पाणी तिशीच्या वर रेंगाळलं की प्रवाळ आपल्या अंगात राहणारं सूक्ष्म शेवाळ बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. हे शेवाळच उजेडावर अन्न तयार करून त्याला पोसत असतं. म्हणून पाणी गार ठेवणारा चिलर लागतो. त्याची किंमत ऐकून अनेकांचा समुद्र तिथंच आटतो.

आणि कायदा? दगडी प्रवाळ, समुद्रपंखे आणि समुद्रघोडे 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहेत. मालवणला पोहायला गेलात आणि प्रवाळाचा तुकडा पिशवीत टाकलात तर तो गुन्हा ठरतो. आपल्या किनाऱ्यासमोरचं मोठं प्रवाळ विजयदुर्गपासून शंभरेक किलोमीटर आत, पाण्याखालच्या पठारावर आहे. त्याचं नाव आंग्रिया बँक, कान्होजी आंग्र्यांवरून पडलेलं. अलिबागच्या सरखेलाचं नाव समुद्राच्या तळाशीही आहे, हे रायगडकरांनी कॉलर ताठ करून सांगावं असंच आहे.

आता मासे. खऱ्या गमती इथे आहेत.

समुद्रातला मासा कायम तहानलेला असतो. भोवतीचं पाणी त्याच्या रक्तापेक्षा खारट, त्यामुळे अंगातलं पाणी सतत बाहेर ओढलं जातं. तो घटाघटा समुद्र पितो आणि जादा मीठ कल्ल्यांतून बाहेर टाकतो. सावित्रीतल्या माशाचं उलटं. पाणी आपोआप आत शिरतं, म्हणून तो जवळजवळ पीत नाही आणि लघवी मात्र भरपूर करतो.

केशरी-पांढऱ्या पट्ट्यांचा क्लाउनफिश सगळ्यांचा लाडका. त्याच्या घरात सर्वांत मोठी ती मादी, दोन नंबरचा नर, बाकी सगळी पोरंटोरं. मादी गेली की नराचीच मादी होते आणि पोरांतला मोठा नर बनतो. 2003 च्या ‘फाइंडिंग निमो’त आई मरते आणि बाप मुलाला शोधत हिंडतो. जीवशास्त्राप्रमाणे चित्रपट चालला असता तर त्या बापाचीच आई झाली असती. डिस्नेनं हा भाग वगळला, ते बरंच झालं.

क्लीनर रॅस हा बोटाएवढा मासा मोठ्या माशांच्या अंगावरचे परजीवी खातो. त्याच्याकडे चक्क रांगा लागतात. जपानी संशोधकांनी त्याच्या गळ्याशी खूण करून समोर आरसा ठेवला. आरशात खूण पाहून तो गळा तळाशी घासू लागला. 2019 साली हा प्रयोग प्रसिद्ध झाला आणि ‘मासा स्वतःला ओळखतो का?’ यावर शास्त्रज्ञांत जुंपली. त्याच्यासारखाच दिसणारा एक तोतयाही आहे. तो साफसफाईच्या मिषानं जवळ येतो आणि कल्ल्याचा किंवा पंखाचा लचका तोडतो.

रात्री टाकीतून ‘टक्’ असा आवाज आला तर काच तडकली म्हणून उठू नका. पिस्तूल कोळंबी नांगी मिटते तेव्हा पाण्यात बुडबुडा फुटतो, त्याचा तो आवाज. हिला नीट दिसत नाही. ती वाळूत बीळ खणते आणि गोबी मासा दारात पहारा देतो. काम करताना तिची मिशी सतत गोबीच्या अंगाला टेकलेली असते. त्यानं शेपटी हलवली की दोघं आत.

काही रॅस रात्री वाळूत स्वतःला पुरून झोपतात. नवा मालक टाकीमागे, सोफ्याखाली शोधत बसतो. निळा टँग कधी दगडाच्या फटीत आडवा पडून राहतो, मेल्यासारखा. त्याला हात लावू नका, शेपटीच्या बुडाशी धारदार काटा आहे. दुकानात तो पाच सेंटिमीटरचा असतो, वाढला की फूटभर होतो, हे दुकानदार सांगेलच असं नाही. डॅमसेल इवलासा, पण भांडकुदळ. त्याला सर्वांत शेवटी सोडावं. आधीच सोडला असेल तर दगडांची मांडणी बदला, म्हणजे त्याची हद्द मोडते आणि नव्यांना जागा मिळते.

यातलं काहीच परवडत नसेल तर बिरवाडीकडून वाळणकोंडला जा. काळ नदीच्या डोहात वरदायिनी देवीचे म्हणून राखलेले महसीर आहेत. त्यांना कुणी मारत नाही. कुरमुरे टाकले की पाणी उसळतं. या माशाच्या जबड्यात दात नसतात, ते घशात असतात. प्रवाळावरचा पोपटमासाही चोचीनं तोडलेला खडक घशातल्याच जात्यात दळतो आणि मागून पांढरी वाळू सोडतो. मालदीवच्या किनाऱ्यावर लोक जिच्यावर पाय पसरून फोटो काढतात, तिच्यात बरीचशी हीच.

मुंबईचं तारापोरवाला मत्स्यालय 1951 पासून शाळांच्या सहलींचं ठिकाण होतं, ते गेली काही वर्षं बंद आहे. त्यामुळे हौशी माणूस आता रविवारी कुर्ल्याच्या मासेबाजारात जातो. तिथं रंगाला भुलू नका. विशेषतः मँडरिन, निळी-केशरी नक्षी मिरवणारा. त्याला दगडांवरचे जिवंत बारीक कवचधारी जीव दिवसभर टिपायला लागतात. नव्या टाकीत ते नसतात आणि तो उपाशी मरतो. कुठलाही मासा घेताना दुकानदाराला तुमच्यासमोर त्याला खायला घालायला सांगा. त्यानं तोंड फिरवलं तर पैसे खिशात ठेवून सरळ महाडची एसटी पकडा.