उंदराला काही झालं नाही, म्हणजे औषध सुरक्षित?

पीएचडीच्या मुलाखतीत कुणी विचारलं, "गाभण उंदरीला औषध दिलं, पिल्लं ठणठणीत निघाली. मग औषध सुरक्षित का?" तर लगेच 'हो' म्हणू नका. आधी थॅलिडोमाइड आठवा.

१९५७ साली हे झोपेचं औषध पश्चिम जर्मनीत बाजारात आलं. गरोदरपणातल्या मळमळीवरही ते दिलं जाई. १९६१च्या अखेरीस ते मागे घेतलं गेलं, पण जगभरात दहा हजारांहून अधिक बाळं व्यंग घेऊन जन्मली. अनेकांच्या हातापायांची लांब हाडं आखूड होती, किंवा नव्हतीच.

प्राण्यांवरच्या प्रयोगांत उंदरांच्या पिल्लांचे पाय शाबूत राहिले, सशांच्या पिल्लांत मात्र व्यंग दिसलं. असं का? २०१० मध्ये जपानी संशोधकांनी दाखवलं की हे औषध पेशीतल्या सेरेब्लॉन या प्रथिनाला चिकटतं. मग पेशी भलतीच प्रथिनं मोडीत काढते. त्यातलंच एक सॅल-फोर, अवयवांच्या वाढीसाठी गरजेचं. उंदरात या प्रथिनांची रचना जराशी वेगळी आहे, म्हणून तिथे सॅल-फोर वाचतं. म्हणूनच आज सहसा दोन जातींत चाचणी होते: एक कृंतक आणि दुसरा बहुतेकदा ससा.

वेळही तितकीच महत्त्वाची. माणसात धोक्याचा काळ गर्भधारणेनंतर साधारण २० ते ३६ दिवस. हातापायांचे कोंब फुटतात ते याच सुमारास. डोस या काळाबाहेर दिलात, तर तुमच्या प्रयोगात काहीच दिसणार नाही!

आता प्रयोगशाळेत या. गर्भाचा सांगाडा दोन रंगांत रंगवतात: अल्शियन ब्लूने कूर्चा निळी, अलिझरिन रेडने हाड लाल. लाल भाग कमी दिसला की घाईने 'व्यंग' लिहू नका. गर्भाचं वजन कमी असेल, तर हाड होण्याला नुसता उशीर झालेला असू शकतो. कूर्चाच नसेल, तर गोष्ट वेगळी.

शेवटचं, आणि इथे मी स्वतः आपटलोय. आठ माद्या, ऐंशी पिल्लं; मी नमुना ऐंशी धरला. गाइडनी विचारलं, "डोस कुणाला दिलास?" आईला. म्हणजे नमुना आठच! एका आईची पिल्लं एकमेकांसारखीच असतात. गणित पुन्हा केलं आणि माझा 'लक्षणीय' फरक गायब झाला.

तेव्हा पुढचा पेपर वाचताना तीन गोष्टी आधी शोधा: प्राणी कोणता, डोस कोणत्या दिवशी, आणि मोजलं काय, आया की पिल्लं?