समितीचा हिशोब आता लिब्रेऑफिसमध्ये: हे काय आहे, का घेतले आणि तुमचे काय बदलणार



ऑफिसात येणारे बरेच जण सध्या एकच गोष्ट विचारतात. कम्प्युटरवर वर्ड-एक्सेल दिसत नाही, दुसरेच काही उघडते, ते काय आहे? फुकटचे आहे म्हणतात, मग भरवशाचे आहे का? उद्या आपला हिशोब उडाला तर?

विचारता ते बरोबरच आहे, कारण पैसा तुमचा आहे आणि वहीही तुमची आहे. एकेकाला वेगळे सांगण्यापेक्षा इथेच सगळे लिहून ठेवतो. थोडे लांब आहे, पण पूर्ण वाचा. घरात कम्प्युटर शिकणारी पोरे असतील तर त्यांनाही वाचायला द्या.

कम्प्युटरमध्ये आपले काय काय आहे

सभासदांची यादी, प्रत्येकाचे शेअर, तलावाच्या पट्ट्याचे कागद आणि भरलेले हप्ते, बीज खरेदीची बिले, कोणत्या डोंग्याने किती मासळी आणली त्याची रोजची नोंद, जाळ्यासाठी कोणी किती उचल घेतली, बैठकीचे ठराव. एवढे सगळे त्या एका डब्यात आहे.

हे वेळेवर उघडले नाही तर काय होते ते सांगतो. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत मच्छीमारांचा अपघात विमा आहे. मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आले तर 5 लाख, कायमचे अंशतः अपंगत्व आले तर 2 लाख 50 हजार आणि दवाखान्यात भरती व्हावे लागले तर 25 हजारांपर्यंत मदत मिळते. अशा वेळी तो माणूस समितीचा सभासद आहे याचा कागद लागतो, आणि त्यावरचे नाव आधारशी जुळावे लागते. त्या दिवशी फाईल उघडत नाही किंवा नाव वाकडेतिकडे दिसते, असे म्हणून चालत नाही. घरातले लोक रडत असताना फाईल शोधत बसण्याची पाळी कोणावर येऊ नये.

म्हणून प्रश्न फक्त सॉफ्टवेअर महाग की स्वस्त एवढाच नाही. आपली वही आपल्या हातात आहे की दुसऱ्याच्या, हे पाहायचे आहे.

आजवर लोक कसे चालवतात

पहिला रस्ता म्हणजे दरवर्षी पैसे भरायचे. मायक्रोसॉफ्टचे ऑफिस आता बहुतेक ठिकाणी वार्षिक भाड्यावर मिळते. भाडे थकले की फाईल दिसते, छापता येते, पण तिच्यात नवीन काही लिहिता येत नाही. मासेबंदी 16 जून ते 15 ऑगस्ट असते. त्या दोन महिन्यांत समितीची आवक जवळजवळ थांबते. नेमके तेव्हाच भाडे संपले तर वही बंद.

दुसरा रस्ता म्हणजे एकदाच पैसे देऊन विकत घ्यायचे. हे कायम चालते, पण कंपनी काही वर्षांनी त्याची दुरुस्ती थांबवते. ऑफिस 2016 आणि ऑफिस 2019 या दोन्हींची सुरक्षेची दुरुस्ती 14 ऑक्टोबर 2025 ला संपली. म्हणजे पुन्हा नवीन घ्या.

तिसरा रस्ता सगळ्यांना माहीत आहे. मशीन घेताना दुकानदार "टाकून देतो" म्हणतो. ती चोरीची प्रत असते. कॉपीराइट कायदा 1957 च्या कलम 63-ब प्रमाणे अशी प्रत जाणूनबुजून वापरली तर कमीत कमी 7 दिवस ते 3 वर्षे कैद आणि 50 हजार ते 2 लाख रुपये दंड होऊ शकतो. शिवाय लॉक तोडणाऱ्या फाईलबरोबर व्हायरस येतो तो वेगळाच. घरची गोष्ट घरात राहते, पण समितीचे ऑडिट होते. समितीच्या मशीनवर असले काही असू नये.

आणि पैसे भरले म्हणजे सगळे पक्के झाले, असेही नाही. जुलै 2025 मध्ये नायरा एनर्जी या कंपनीची मायक्रोसॉफ्टची सेवा, ईमेलसकट, अचानक बंद झाली. या कंपनीची गुजरातमध्ये वाडीनारला मोठी रिफायनरी आहे. युरोपियन युनियनने तिच्यावर निर्बंध लावले होते, त्यातून हे झाले. लायसन्सचे पैसे पूर्ण भरले आहेत असे कंपनीचे म्हणणे होते. ती दिल्ली हायकोर्टात गेली आणि काही दिवसांत सेवा परत आली. एवढ्या मोठ्या कंपनीला वकील करता येतो, आपल्याला कुठून येणार?

लिब्रेऑफिस म्हणजे काय

वर्ड-एक्सेलसारखेच काम करणारा हा सॉफ्टवेअरचा संच आहे. पत्र, ठराव, अर्ज लिहायला राइटर. हिशोबाला कॅल्क. बैठकीत पडद्यावर दाखवायला इम्प्रेस. चित्र, नकाशा काढायला ड्रॉ. माहितीचा साठा ठेवायला बेस.

याला पैसे लागत नाहीत, पण त्याहून मोठी गोष्ट वेगळी आहे. याची बनवण्याची कृती उघडी आहे. आपल्या जाळ्याचे उदाहरण घ्या. जाळे फाटले तर आपण घरी बसून गाठी मारतो, कोणाची परवानगी घेत नाही. समजा एखादे जाळे असे मिळाले की फाटल्यावर फक्त कंपनीनेच जोडायचे, आणि कंपनीने नाही म्हटले तर फेकून द्यायचे. ते तुम्ही घ्याल का? लिब्रेऑफिसच्या गाठी सगळ्यांना दिसतात. ज्याला येते तो दुरुस्त करू शकतो आणि दुसऱ्याला देऊ शकतो. कितीही मशीनवर टाका, ऑफिसात वापरा, घरी वापरा, शेजाऱ्याला पेनड्राइव्हवर द्या, सगळे कायदेशीर आहे.

फुकटचे किती दिवस टिकेल, असे एका भाऊंनी विचारले. त्याचे उत्तर याच्या इतिहासातच आहे. याचे मूळ जर्मनीतल्या स्टारऑफिस नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे. 1999 मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सने ते विकत घेतले आणि 2000 मध्ये त्याची कृती सगळ्यांसाठी उघडी केली. त्यातून ओपनऑफिस तयार झाले. 2010 मध्ये ओरॅकल कंपनीने सनलाच विकत घेतले. पुढे काय होईल याची काम करणाऱ्या लोकांना काळजी वाटली. 28 सप्टेंबर 2010 ला त्यांनी द डॉक्युमेंट फाउंडेशन ही संस्था जाहीर केली आणि तेच काम लिब्रेऑफिस नावाने पुढे नेले. मालक दोनदा बदलला, पण वापरणाऱ्यांच्या फाईली बंद पडल्या नाहीत, कारण कृती उघडी होती. फाउंडेशन बर्लिनमध्ये आहे आणि देणग्यांवर चालते. जगभरचे स्वयंसेवक आणि काही कंपन्यांचे लोक मिळून हे काम करतात. एक प्रकारे ही सहकारी पद्धतच झाली.

आणखी कोण वापरते

हे काही कोपऱ्यातले सॉफ्टवेअर नाही. जर्मनीच्या श्लेस्विग-होल्स्टाइन राज्याने 2024 मध्ये सरकारी ऑफिसांतले सुमारे 30 हजार कम्प्युटर लिब्रेऑफिसवर नेण्याचे ठरवले. आपल्याकडे केरळच्या सरकारी शाळांत कित्येक वर्षांपासून मुले मुक्त सॉफ्टवेअरवरच शिकतात. केंद्र सरकारने 2015 मध्ये आपल्या खात्यांसाठी मुक्त सॉफ्टवेअरचे धोरणच जाहीर केले. त्याच्याही आधी, 2005 मध्ये, केंद्राने हिंदी सॉफ्टवेअरची सीडी लोकांना फुकट दिली होती, तिच्यात भारतीय ओपनऑफिस होते. म्हणजे आपल्या हिंदी-मराठी पट्ट्यात ही गोष्ट वीस वर्षांपूर्वीच येऊन गेली. आपल्याकडेच पोचायला वेळ लागला.

आपला हिशोब त्यात कसा चालतो

रोजच्या मासळीची वही कॅल्कमध्ये आहे. रकाने तेच जुन्या वहीचे आहेत: तारीख, डोंग्याचा नंबर, मालकाचे नाव, मासळीची जात, वजन, दर, एकूण, समितीची कपात, हातात द्यायची रक्कम.

समजा एका डोंग्याने 42 किलो रोहू आणला, दर 150 रुपये आणि कपात 5 टक्के. वजन आणि दर टाकला की कॅल्क स्वतः 6300 दाखवते, कपात 315 काढते आणि हातात 5985 दाखवते. सूत्र एकदा लिहिले की रोज तेच लागू होते. एक्सेलमध्ये लिहायचो ती साधी सूत्रे इथेही तशीच चालतात, त्यामुळे नव्याने शिकायचे फार काही नाही.

चिठ्ठी पाहिजे असली की एका बटणाने पीडीएफ तयार होते आणि तुमच्या व्हॉट्सअॅपवर जाते. पीडीएफ कोणत्याही मोबाईलवर सारखीच दिसते, आणि येता-जाता चुकून तिच्यातला आकडा बदलत नाही.

लाईट आपल्याकडे कधी जाईल ते सांगता येत नाही. त्यासाठी दर काही मिनिटांनी काम आपोआप जपून ठेवायची सोय आहे. मुळात ती 10 मिनिटांवर असते, आपण 5 वर ठेवली आहे. त्याशिवाय महिन्याची वही छापून सहीनिशी फाईलला लावणे आणि पेनड्राइव्हवर नक्कल ठेवणे चालूच आहे. सॉफ्टवेअर कोणतेही असो, नक्कल नसेल तर भरवसा नाही.

अक्षरांची भानगड

सगळ्यात जास्त मेहनत इथे आहे, म्हणून थोडे थांबून सांगतो.

आपल्याकडे वर्षानुवर्षे टायपिंग कृतिदेव फॉन्टमध्ये झाले. कृतिदेवमध्ये कम्प्युटरच्या पोटात इंग्रजी अक्षरेच साठतात, फक्त वरून देवनागरी दिसते. तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर किंवा मोबाईलवर तीच फाईल उघडली की इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो. ही चूक लिब्रेऑफिसची नाही. तीच फाईल वर्डमध्येही अशीच दिसेल.

याला उपाय युनिकोड. त्यात "क" म्हणजे सगळ्या जगात "क"च. मंगल, निर्मला, लोहित, नोटो हे सगळे युनिकोडचे फॉन्ट आहेत. यातला लोहित रेड हॅट कंपनीने काढला आणि तोही लिब्रेऑफिससारखाच मुक्त आहे.

जुने कृतिदेव बदलणारे कन्व्हर्टर मिळतात, पण त्यावर डोळे मिटून विसंबू नका. ऱ्हस्व वेलांटी आणि रफार ही दोन ठिकाणे हमखास घसरतात, कारण कृतिदेवमध्ये त्यांचा क्रम वेगळा असतो. गावाच्या नावात घसरले तर चालून जाईल, माणसाच्या नावात घसरले तर विम्याचा कागद अडतो. म्हणून सभासद यादीतले प्रत्येक नाव आधार पाहून हातानेच तपासायचे आहे.

ज्यांचा हात रेमिंग्टन टायपिंगवर बसला आहे त्यांनी घाबरू नये. युनिकोडमध्येही रेमिंग्टनचा कीबोर्ड मिळतो.

अडचणी आहेत, त्याही सांगतो

1. वर्डमध्ये बनवलेली फाईल राइटरमध्ये उघडते, पण कधी कधी चौकट सरकते किंवा पान वाढते. साध्या पत्राला काही होत नाही, रकान्यांचा मोठा फॉर्म असला तर होते.

2. एक्सेलच्या काही सरकारी फॉर्ममध्ये मॅक्रो म्हणजे आतून चालणाऱ्या आज्ञा असतात. त्या कॅल्कमध्ये पूर्ण चालतीलच असे नाही. असा फॉर्म आला तर तो कियोस्कवर जाऊन भरायचा. त्यासाठी वर्षभराचे भाडे भरायची गरज नाही.

3. बाहेर फाईल पाठवताना काळजी लागते. आपली मूळ फाईल लिब्रेऑफिसच्या स्वतःच्या ओडीएफ प्रकारात ठेवायची. हा प्रकार 2006 पासून आंतरराष्ट्रीय मानक आहे, एका कंपनीच्या मालकीचा नाही. मत्स्योद्योग विभागाला किंवा बँकेला पाठवताना पीडीएफ करायची. त्यांनी एक्सेलच मागितले तर कॅल्कमधूनच त्या प्रकारात जपून पाठवता येते.

4. बिघाड झाला तर फोन करायला कंपनीचा माणूस नाही. इंटरनेटवर मदत मिळते, पण बरीचशी इंग्रजीत. म्हणून समितीत किमान दोघांना तरी हे नीट आले पाहिजे.

घरी घ्यायचे असेल तर

पोरांच्या अभ्यासाला, दुकानाच्या हिशोबाला हे चांगले आहे. फक्त लिब्रेऑफिस डॉट ऑर्ग या मूळ साइटवरूनच उतरवा. फाईल साधारण साडेतीनशे एमबीची आहे. एकदा टाकल्यावर वापरायला इंटरनेट लागत नाही. टाकताना भाषा निवडता येते, मराठीही आहे आणि हिंदीही. विंडोज 7 किंवा 8 ची जुनी मशीन असेल तर 25.8 आणि त्यापुढची आवृत्ती चालत नाही, जुनी घ्यावी लागते. दुकानदाराने टाकून द्यायची मजुरी मागितली तर ती त्याच्या कामाची आहे, द्या. पण "लायसन्सचे" म्हणून पैसे मागितले तर देऊ नका.

फाईलला पासवर्ड लावणार असाल तर तो घरात कागदावर लिहून ठेवा. विसरला तर फाईल उघडून द्यायला कोणी नाही.

आता तुमचे काम

1. डोंगेमालकांनी मिळालेली चिठ्ठी आपल्या वहीशी जुळवून पाहावी. वजनात, दरात, उचलीत फरक वाटला तर त्याच आठवड्यात सांगावे.

2. सगळ्या सभासदांनी आधार घेऊन एकदा ऑफिसात यावे आणि यादीतले आपले, वारसाचे नाव स्वतःच्या डोळ्यांनी पाहून जावे. वाचता येत नसेल तर घरातल्या शाळकरी पोराला, पोरीला सोबत आणा.

3. ज्यांची मुले-मुली बारावीपर्यंत शिकली आहेत आणि ज्यांना हे काम शिकायचे आहे, त्यांनी नाव द्यावे. मासेबंदीच्या दिवसांत ऑफिसात काम कमी असते, तेव्हा शिकवता येईल. मुलींनी जरूर यावे.

सचिव आज मी आहे, उद्या दुसरा कोणी असेल. त्या दुसऱ्याने मशीन चालू केल्यावर त्याला सगळी वही उघडी मिळाली पाहिजे, कोणाला पैसे न भरता आणि कोणाची परवानगी न घेता. त्यासाठी हा सगळा खटाटोप आहे.

काही विचारायचे असेल तर खाली लिहा किंवा ऑफिसात या. डोंग्यावरच्या ज्या भावांकडे मोबाईल नाही, त्यांना वाचून दाखवा.

— सचिव